उसाच्या आतले जिवाणू आणि डीएनए रिपोर्टचं कौतुक

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पानावर मध्यंतरी उसाच्या "मायक्रोबायोम टेस्ट"ची, म्हणजे उसात राहणाऱ्या सगळ्या जिवाणूंच्या यादीची, बातमी आली होती. छान रंगीत गोल चार्ट छापला होता, अमुक टक्के हा जिवाणू, तमुक टक्के तो, आणि खाली लिहिलेलं की आता शेतकऱ्याला आपल्या उसात "चांगले" जिवाणू किती ते थेट डीएनएवरून कळणार. आमच्याकडे ती बातमी व्हॉट्सअॅपवर एवढी फिरली की दूध डेअरीवर सुद्धा लोक तेच विचारायला लागले, सर ही टेस्ट करायची का, अॅसिटोबॅक्टर किती टक्के पाहिजे. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो, त्याआधी काही वर्षं उसाच्या आतल्या जिवाणूंवरच लॅबमध्ये काम केलंय, घरी ऊस आहेच. म्हणून म्हटलं लिहावं. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधला हरितलवकाचा भाग तेवढा राहू द्या.

टेस्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. तंत्र खरं आहे आणि जबरदस्त आहे. पण ते कसं चालतं हे माहीत नसेल तर त्या चार्टवरून युरियाचं एक पोतं कमी करावं की नाही एवढंही ठरवता येत नाही. आणि याच डीएनए तंत्रातली दुसरी एक साधी, स्वस्त टेस्ट आहे, बेण्यात लपलेल्या रोगांची, जी बेण्याला करायला पाहिजे, ती मात्र आमच्या भागात कोणी मागतच नाही. मला मुख्य हेच सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या अनुषंगाने.

आधी थोडं मागचं. उसाच्या कांडीत, मुळात, पानात जिवाणू राहतात आणि ऊस आजारी पडत नाही ही गोष्ट जगाला नीट पटवली ती ब्राझीलने. योहाना डोबराइनर नावाच्या बाई होत्या, जन्म चेकोस्लोवाकियातला, महायुद्धानंतर ब्राझीलला आल्या आणि रिओजवळच्या सेरोपेडिकामध्ये आयुष्यभर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या मागे लागल्या. १९८८ साली त्यांनी आणि व्लादिमिर कावाल्कान्ते यांनी उसाच्या मुळा-खोडातून एक आम्लप्रेमी जिवाणू वेगळा काढून दाखवला, जो भरपूर साखरेत आरामात जगतो आणि हवेतलं नत्र स्थिर करतो. त्याचं आजचं नाव ग्लुकोनॅसिटोबॅक्टर डायअॅझोट्रॉफिकस. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मागताना नुसतं "अॅसिटोबॅक्टर" म्हणतात, तोच हा. शिफारस तर सगळ्यांना पाठ आहे, हेक्टरी १० किलो अॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात कालवायचे, टिपऱ्या अर्धा तास बुडवायच्या, मग लागण, आणि नत्र निम्म्यावर आणायचं. पहिलं सगळे करतात, शेवटचं फार थोडे करतात. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो आणि आडसालीला ४०० किलो नत्राची शिफारस असताना निम्मं कमी करायला छाती लागते, ८६०३२ ही जात लावणाऱ्यांना तर अजूनच, कारण त्यांना वरून जास्तीचा डोस सांगितलेला असतो.

डोबराइनर बाईंनी तो जिवाणू शोधला तो जुन्या पद्धतीने. नत्र नसलेलं, पातळ जेलीसारखं माध्यम, त्यात उसाचा रस आणि साखर, लॅबवाले त्याला एलजीआय-पी म्हणतात, त्यात उसाचा वाटलेला तुकडा सोडायचा आणि वाट बघायची. हा जिवाणू वर पिवळी-केशरी साय धरतो. बघायला फार सुंदर दिसतं ते, अजूनही मुलांना प्रॅक्टिकलला दाखवलं की खूश होतात. पण अडचण ही की असं माध्यम वापरलं की जो त्या माध्यमात वाढतो तोच दिसतो. साखर आणि आम्ल आवडणारा शोधायला गेलात की साखर आणि आम्ल आवडणाराच सापडणार, बाकीचे कांडीत हजारोंनी असतील पण प्लेटवर, म्हणजे लॅबमधल्या माध्यमाच्या बशीत, येतच नाहीत. मातीतल्या, पाण्यातल्या जिवाणूंचं सुद्धा तसंच, मायक्रोस्कोपखाली दिसतात त्यातले जेमतेम १ टक्का प्लेटवर वाढतात असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. झाडांच्या बाबतीत परिस्थिती एवढी वाईट नाही हे पुढे कळलं. २०१५ साली कोलोन आणि झुरिचच्या गटांनी अॅराबिडॉप्सिस नावाच्या छोट्या झाडाचे अर्ध्याहून जास्त जिवाणू प्रकार प्लेटवर वाढवून दाखवले. पण त्यासाठी लागणारी चिकाटी सगळ्यांकडे नसते.

म्हणून मग डीएनए. १९७७ साली कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं की राइबोसोममधल्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातल्या, आरएनएच्या अक्षरांवरून सगळ्या जिवांची वंशावळ लावता येते. जिवाणूंमध्ये या आरएनएचं जे जनुक आहे त्याला १६एस म्हणतात, साधारण १,५०० अक्षरांचं. त्याची गंमत अशी की त्यातले काही भाग सगळ्या जिवाणूंत जवळपास सारखे असतात आणि मधले ९ भाग जातीप्रमाणे बदलतात. सारख्या भागावर प्रायमर, म्हणजे जिथून नक्कल सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा, बसवायचा, पीसीआरने मधला भाग लाखो-करोडो पट वाढवायचा, सिक्वेन्सर मशीनला वाचायला द्यायचा आणि आलेली अक्षरं डेटाबेसशी ताडून बघायची. म्हणजे काहीही न वाढवता, कांडी ठेचून, डीएनए काढून आत कोण कोण आहे त्याची यादी मिळते. सुरुवातीला एवढी मशीन नव्हती तेव्हा १९९३ पासून डीजीजीई नावाची पद्धत चालायची, जेलवर पट्ट्या पडायच्या, जितक्या पट्ट्या साधारण तितके प्रकार. मग पट्टी ब्लेडने कापून काढायची आणि वाचायला पाठवायची. त्या जेल ओतताना ज्यांचे हात थरथरले त्यांना विचारा. आता एका रनमध्ये शेकडो सॅम्पल होतात आणि नॅनोपोरचं मशीन तर हातात मावतं.

ब्राझीलच्या कॅम्पिनासच्या लोकांनी २०१६ मध्ये उसाचं असं सगळं मोजलं, मुळं, खोड, पानं, आतून बाहेरून. त्यांना जिवाणूंचे २३,८११ गट मिळाले, बुरशीचे ११,७२७. आणि त्यातले जेमतेम २० टक्क्यांच्या आतले गट मिळून एकूण संख्येच्या ९० टक्क्यांवर. म्हणजे गर्दी मोठी पण कारभार थोड्यांच्या हातात. हे वाचून मला खरंच आनंद झाला होता. त्यामुळे मी तंत्राच्या विरोधात आहे असं कोणी म्हणू नये.

आता अडचणी बघा. त्या बातमीत एकही नव्हती म्हणून मला लिहावं लागतंय.

पहिली गोष्ट, "उसाच्या आतले" म्हणजे आतलेच कशावरून? बाहेरच्या सालीवर, पाचटाखाली, मुळाला चिकटलेल्या मातीत जिवाणूंची रेलचेल असते. म्हणून कांडी आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, मग निर्जंतुक पाण्याने परत परत धुतात. आणि शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर टाकून बघतात, त्यात काही वाढलं नाही तरच पुढे जायचं. पण आपण डीएनए वाचतोय ना, तर नुसती प्लेट बघून भागत नाही, त्या शेवटच्या पाण्याचा पीसीआर पण करायला हवा. कारण अल्कोहोलने जिवाणू मरतो, त्याचा डीएनए तिथेच राहतो. मेलेला जिवाणू प्लेटवर येत नाही पण पीसीआरमध्ये येतो. ज्या कंपनीने तो चार्ट काढला त्यांनी हे केलं का? केलं असेल, पण बातमीत नाही आणि त्यांच्या माहितीपत्रकातही मला दिसलं नाही. सॅम्पल म्हणे शेतकऱ्यानेच कापून पिशवीत भरून कुरिअर करायचं. दोन-तीन दिवस कापलेली कांडी उन्हाळ्यात पिशवीत राहिली तर आत काय काय वाढतं ते गुऱ्हाळवाल्याला विचारा, लॅबची गरज नाही.

दुसरी अडचण हरितलवकाची, आणि ही समजली की चार्टकडे बघायची नजरच बदलते. पानातला हिरवेपणा ज्यात असतो ते हरितलवक, म्हणजे क्लोरोप्लास्ट, हे मुळात जिवाणूच होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक सायनोबॅक्टेरिया दुसऱ्या पेशीच्या आत शिरला आणि तिथेच कायमचा राहिला, लिन मार्ग्युलिस बाईंनी १९६७ मध्ये हा विचार जोरात मांडला तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. पेशीतला मायटोकॉन्ड्रिया पण तसाच, दुसऱ्या एका जिवाणू कुळातून आलेला. त्यामुळे या दोघांकडे स्वतःचं १६एस जनुक अजून शिल्लक आहे! आणि आपला प्रायमर तर सगळी १६एस पकडायला बनवलेला. मग होतं काय की उसाचं पान ठेचलं, पीसीआर केला, मशीनने लाखभर तुकडे वाचले आणि त्यातले निम्म्याहून कितीतरी जास्त उसाच्याच हरितलवकाचे आणि मायटोकॉन्ड्रियाचे निघाले. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना कोपऱ्यात दोघं काय बोलतायत ते रेकॉर्ड करायला गेल्यासारखं, रेकॉर्डिंग मिळतं पण बँडचं.

यावर तोडगे निघालेत. २००१ मध्ये विस्कॉन्सिनच्या शेलियस आणि ट्रिपलेट यांनी मक्याच्या मुळांवर काम करताना ७९९एफ नावाचा प्रायमर वापरला, तो हरितलवकाच्या १६एसवर बसतच नाही. मायटोकॉन्ड्रियावर बसतो, पण त्याचा तुकडा लांब पडतो. १४९२आर प्रायमरबरोबर वापरला तर मायटोकॉन्ड्रियाचा साधारण १,०९० अक्षरांचा आणि जिवाणूंचा ७३५ च्या आसपास, त्यामुळे जेलवर दोन वेगळ्या पट्ट्या दिसतात आणि खालची कापून घेता येते. साधी पण काय डोक्याची आयडिया! २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या गटाने दुसरा उपाय काढला, पीएनए क्लॅम्प म्हणतात, झाडाच्या स्वतःच्या १६एसवर एक अडसर बसवायचा म्हणजे तेवढा भाग पीसीआरमध्ये वाढत नाही. मात्र एका झाडासाठी बनवलेला अडसर दुसऱ्या झाडाला चपखल बसेलच असं नाही, उसासाठी वापरायचा तर आधी उसावर तपासावा लागतो. आणि ७९९एफ वापरला की खरेखुरे सायनोबॅक्टेरिया सुद्धा सुटतात, फुकटात काहीच मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं, चार्टखाली दोन आकडे छापायलाच पाहिजेत. एकूण किती तुकडे वाचले आणि झाडाचे वजा करून किती उरले. समजा एक लाख वाचले आणि उरले तीनशे, तर त्या तीनशेचा गोल चार्ट काढून "३ टक्के अॅसिटोबॅक्टर" म्हणणं म्हणजे ९ तुकड्यांवर शेतकऱ्याचा खताचा हिशेब बसवणं.

तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त सतावते. डीएनए काढायचं किट, पाणी, एन्झाइम, सगळं विकत येतं आणि त्यात मुळातच थोडा जिवाणू डीएनए असतो. निर्जंतुक म्हणजे डीएनए-मुक्त नव्हे. २०१४ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी हे पद्धतशीर दाखवलं, एकच शुद्ध जिवाणू घेऊन तो पातळ पातळ करत गेले आणि सॅम्पल जितकं पातळ तितके किटमधले पाहुणे जास्त दिसायला लागले. शेवटी शेवटी तर पाहुण्यांचंच राज्य. आता हे पाहुणे कोण? ब्रॅडीरायझोबियम, बर्कहोल्डेरिया, राल्स्टोनिया, स्यूडोमोनास. म्हणजे माणसाच्या रक्तात हे सापडले तर डॉक्टरला लगेच शंका येईल, पण उसात सापडले तर आपण टाळ्या वाजवू, कारण ब्रॅडीरायझोबियम आणि बर्कहोल्डेरिया उसात खरंच असतात आणि नत्राशी त्यांचं नातं आहे. कांडीच्या गाभ्यात जिवाणूंची संख्या तशी कमीच असते, म्हणजे सॅम्पल "पातळ"च. म्हणून प्रत्येक बॅचबरोबर एक रिकामं सॅम्पल चालवायचं असतं, ऊस न घालता, बाकी सगळं तेच, आणि त्यात जे येईल ते बाजूला ठेवायचं. त्या रिकाम्या सॅम्पलचा रिपोर्ट मागा. देत नसतील तर टेस्ट करू नका, एवढं सरळ आहे.

चौथं म्हणजे टक्के. टक्के म्हणजे फक्त वाटणी. अॅसिटोबॅक्टर ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला याचा अर्थ तो वाढला असंच नाही, बाकीचे कमी झाले तरी आकडा तोच येतो. एका ग्रॅममध्ये किती हे हवं असेल तर क्यूपीसीआर वेगळा करावा लागतो. त्यात परत काही जिवाणूंकडे १६एसची एकच प्रत असते, काहींकडे पंधरापर्यंत. पंधरावाला एकटा आला तरी घोळका वाटतो. आणि १६एसवरून फार तर प्रजातीपर्यंत पोचतो, जिवाणू खताच्या बाटलीतला वाण आणि शेतात आधीपासून असलेला त्याच जातीचा वाण वेगळा ओळखता येत नाही. पण शेतकऱ्याला नेमकं तेच हवंय ना? मी टिपरी बुडवली ती बाटली वाया गेली की आत शिरली? त्याला वाणापुरताच बसणारा प्रायमर लागतो. ब्राझीलच्या पीएएल५ या वाणाचा संपूर्ण जीनोम २००९ पासून उपलब्ध आहे, त्यावरून असे प्रायमर बनवता येतात आणि बनवलेही गेलेत. आपल्याकडे जे वाण विकले जातात त्यांचे जीनोम वाचून असे प्रायमर सगळ्यांना खुले केले तर तो खरा उपयोग. पुण्यात जिवाणू जपून ठेवणारं राष्ट्रीय केंद्र आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, पाडेगावला १९३२ पासूनचं ऊस संशोधन केंद्र आहे, माणसं आणि मशीन दोन्ही आहेत.

आणि आता गंमतीचा भाग, जो मी वर्गात नेहमी सांगतो. डीएनए सांगतो कोण आहे, कोण काम करतंय ते सांगत नाही. नत्र स्थिर करायला जे एन्झाइम लागतं त्याच्या जनुकाला निफ-एच म्हणतात. जनुक असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. चालू आहे का ते बघायला आरएनए काढावा लागतो, आणि आरएनए म्हणजे महा नाजूक प्रकार, शेतातच द्रव नायट्रोजनमध्ये कांडी गोठवली नाही तर हातात काही उरत नाही. २०११-१२ च्या सुमारास वेगवेगळ्या देशांतल्या उसात असं करून बघितलं गेलं, जपानमध्ये, ब्राझीलमध्ये, आफ्रिकेत, आणि चालू निफ-एच जे मिळालं ते बरंचसं रायझोबियम आणि ब्रॅडीरायझोबियम मंडळींचं होतं, ज्यांना आपण सोयाबीन-भुईमुगाच्या गाठीतले म्हणून ओळखतो! आपला प्रसिद्ध अॅसिटोबॅक्टर त्यात पुढे नव्हता. म्हणजे प्लेटवर ज्याने सुंदर साय धरली तोच शेतात राबतोय असं काही नाही. १९९२ मध्ये ब्राझीलमध्ये नत्राच्या जड समस्थानिकाने मोजून दाखवलं होतं की काही जाती निम्म्याहून जास्त नत्र हवेतून मिळवतात, पण ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत असंच मोजलं तर तसं काही खास दिसलं नाही. कारण शोधताना एक मुद्दा वारंवार येतो तो खताचा. ब्राझीलमध्ये उसाच्या जाती निवडल्या गेल्या त्याच कमी नत्रावर. आणि मेक्सिकोच्या अभ्यासात दिसलं की नत्र भरपूर टाकलं की उसाच्या आत या जिवाणूची वस्तीच घटते. आता आपण आडसालीला ४०० किलो टाकतो, वर कोणी सांगितलं म्हणून अजून एक पोतं, आणि मग बाटली पण ओततो. दोन्ही एकदम करून काय मिळतंय ते तरी कोणी मोजावं. नाही मोजलं तर मग किमान एक करावं.

बाटलीवरून आठवलं. खत नियंत्रण आदेशात या जिवाणू खतांचं मोजमाप ठरलेलं आहे, पावडर असेल तर १ ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू, लिक्विड असेल तर १ मिलीमध्ये १० कोटी. हे प्लेटवर मोजतात आणि ते बरोबर आहे, कारण जिवंतच मोजायचे आहेत. इथे डीएनए टेस्टचा उपयोग वेगळा, बाटलीत जे जिवंत आहे ते लेबलवर लिहिलेलंच आहे का हे एका दुपारच्या पीसीआरमध्ये कळतं. दुकानात पत्र्याखाली उन्हात मांडलेल्या बाटल्यांबद्दल मी काही बोलत नाही, तुमचे वार्ताहर फिरतातच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. उसात राहणारे सगळेच जिवाणू पाहुणचार करण्यालायक नसतात. एक आहे लिफसोनिया झायली, उसाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसतो. याचा रोग म्हणजे खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा येणाऱ्या पिकाची, खुजी वाढ. १९४०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला क्यू२८ जातीच्या खोडव्यात लक्षात आला आणि कारण विषाणू असेल असं बरीच वर्षं लोक धरून चालले, कारण जिवाणू प्लेटवर यायलाच तयार नव्हता. १९८० मध्ये अमेरिकेत एकदाचा वाढवला, तोही खास माध्यमात आणि आठवडे वाट बघून. या रोगाची खरी भीती ही की बाहेरून काही दिसतच नाही. पान पिवळं नाही, ठिपका नाही, कुजणं नाही. नुसता ऊस जरा बारीक, पेरं आखूड, खोडवा दरवर्षी थोडा कमी. शेतकरी म्हणतो जमीन थकली, पाणी क्षारपड झालं, निडवा आहे म्हणून असेल, आणि अजून एक डोस टाकतो. पसरतो कसा तर बेण्यातून आणि कोयत्यातून. एका फडात कोयता चालला, तोच न धुता दुसऱ्या फडात. तोडणी टोळ्यांनी कोयते निर्जंतुक करत बसावं असं मी म्हणत नाही, त्यांचं जगणं आधीच काय आहे ते मला माहीत आहे. पण बेणे मळ्यात तरी कोयता बुडवायला बादली ठेवता येईल की नाही?

दुसरा, गवताळ वाढीचा रोग. तो दिसतो, बुंध्यातून गवतासारखे बारीक पांढुरके फुटवे, त्यांचा ऊसच बनत नाही. कारण फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला जिवाणू, रस वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतो, तुडतुड्यांमधून आणि बेण्यातून पसरतो. हा तर लॅबमध्ये वाढवायचं नावच नको, त्याची ओळखच १६एसवरून झाली, म्हणजे ज्या जनुकाचा तो रंगीत चार्ट त्याच जनुकावरून. अडचण ही की बेटात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत वेळ जातो आणि तोवर त्याच बेटाचं बेणं दुसऱ्याच्या शेतात गेलेलं असतं.

दोघांनाही पीसीआर आहे. लिफसोनियासाठी १९९८ पासून प्रायमर प्रसिद्ध आहेत, ४३८ अक्षरांची एक पट्टी, आली की आहे, नाही आली की नाही. फायटोप्लाझ्माला पीसीआर दोनदा करावा लागतो, एकाच्या आत दुसरा, कारण पानात तो फार कमी असतो. इथे हरितलवकाची भानगड जवळपास नाही कारण प्रायमर नेमका त्याच्यावरच बसतो, लाखो तुकडे वाचायचे नाहीत, टक्के नाहीत, चार्ट नाही. एक जेल, हो किंवा नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये सुद्धा होतं हे, फक्त रिकामं सॅम्पल आणि खात्रीचं रोगट सॅम्पल दोन्ही सोबत चालवायची शिस्त पाहिजे. आणि टेस्ट होकारार्थी आली तर उपाय पण आहे, नुसतं वाईट बातमी कळून बसायचं असं नाही. खुज्या वाढीला बेणं ५० अंशाच्या गरम पाण्यात २ तास ठेवायची जुनी पद्धत आहे, उष्ण हवेची प्रक्रिया आहे, आणि टिश्यू कल्चरची रोपं आहेत. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्यांचं बेणं आपल्याकडे कागदावर आहेच. कागदावरच्या पायरीला पीसीआरची एक पट्टी जोडायची एवढंच.

पण हे कोणी मागत नाही. कारण यात "चांगले जिवाणू" नाहीत, रंगीत चित्र नाही, वर प्रॉडक्ट विकता येत नाही. मायक्रोबायोमवाला रिपोर्ट आला की त्याच्याच खाली शिफारस असते, तुमच्या उसात हे कमी आहे, आमची ही बाटली घ्या. टेस्ट करणारा आणि बाटली विकणारा एकच असेल तर मला तरी ते पटत नाही, मग तंत्र कितीही आधुनिक असो.

अजून एक छोटी गोष्ट, चार्टमध्ये "आदर्श ऊस" म्हणून जी बाजूला तुलना दिली होती ती कुठल्या मातीतली? २०१२ मध्ये अमेरिकेत आणि जर्मनीत दोन गटांनी एकाच वेळी अॅराबिडॉप्सिसवर दाखवलं की मुळात कोण येणार ते आधी माती ठरवते आणि मग त्यातून झाड निवड करतं. कृष्णाकाठची काळी माती, चुनखडीची, काही ठिकाणी मीठ फुटलेली, आणि ब्राझीलची लाल आम्लधर्मी माती, यांची यादी शेजारी ठेवून कोणाला नापास करणार?

तेव्हा साहेब, दोन विनंत्या. एक, अशी बातमी पुन्हा छापाल तेव्हा कंपनीला विचारा की सॅम्पल आतून-बाहेरून कसं वेगळं केलं, उसाचे स्वतःचे तुकडे किती निघाले, रिकाम्या सॅम्पलमध्ये काय आलं, आणि उत्तरं चार्टच्या शेजारीच छापा, चार्ट थोडा लहान केला तरी चालेल. दोन, जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या शेती विभागाला विचारा की आपल्या बेणे मळ्यातल्या किती प्लॉटची खुज्या वाढीसाठी आणि गवताळ वाढीसाठी पीसीआर तपासणी होते, आणि होत असेल तर रिपोर्ट सभासदाला बघायला मिळतो का. आडसालीची लागण जुलैमध्ये सुरू होते, बेण्याचं बुकिंग त्याआधीच होतं. यंदा निदान एखाद्या कारखान्याने बेणं देताना पावतीला तो रिपोर्ट टाचला तर बघा, बाकीच्या कारखान्यांचे सभासद आपोआप मागायला लागतील. सॅम्पल घ्यायला आणि जेल चालवायला आमच्या कॉलेजची पोरं तयार आहेत, प्रवासखर्च आणि केमिकलचे पैसे कारखान्याने द्यावेत, बाकी काही नको.

आपला नियमित वाचक,
मायक्रोबायोलॉजीचा एक शिक्षक आणि ऊस उत्पादक सभासद,
जि. सांगली